बोस्कोचं तेल

आपोलिना फर्नांडिस यांचं पत्र आलं तेव्हा आषाढ लागला होता. पाकीट दमट झालं होतं आणि शाई कडांना पसरली होती, तरी अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. डॉक्टर गंगाराम परबांनी ते एकदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि टेबलावरच्या जाड कोशात मध्येच कुठेतरी ठेवून दिलं. उद्या उत्तर लिहू, असं त्यांनी ठरवलं होतं. आता नाताळ होऊन गेला होता. उत्तर लिहिलं नव्हतं.

पत्रातला मजकूर साधा होता. कोळंबच्या ह्या बाईंनी डॉक्टरांचा साप्ताहिकातला लेख वाचला होता. त्यांच्याकडे बोस्को नावाचा कुत्रा होता. दोन माद्या दाखवल्या, दोन्ही रिकाम्या राहिल्या. म्हणून डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणे बोस्कोला रोज सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा मोरी माशाचं, म्हणजे शार्कचं, तेल चालू केलं. अजून पिल्लांचं लक्षण नाही. शिवाय अलीकडे हाक मारली तर मान वळवत नाही, सगळं अंगच फिरवून बघतो. तर तेल वाढवावं की कमी करावं, एवढं कृपा करून कळवावं.

मान वळवत नाही, ह्या शब्दांपाशी डॉक्टर थांबले होते. तिथेच त्यांना सगळं कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच उत्तर लिहिलं गेलं नव्हतं.

तो लेख कसा झाला, हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांची सगळी नोकरी वैभववाडीच्या बाजूला, गाईम्हशींच्या दवाखान्यात गेली. कुत्र्यांचं त्यांना फारसं कळत नसे, आणि नर कुत्र्यांच्या प्रजननाविषयी तर जे काही माहीत होतं ते पुस्तकातलं. निवृत्त होऊन कणकवलीत पुतण्याकडे राहायला आल्यावर वाचन तेवढं उरलं. साप्ताहिकाचा संपादक धनेश एकदा घरी येऊन पुस्तकांची कपाटं बघून गेला आणि म्हणाला, "डॉक्टर, आमच्यासाठी जनावरांवर लिहा." डॉक्टर दोन महिने नाही म्हणत राहिले. आपल्याला काय येतं, हा त्यांचा जुना प्रश्न. मग लिहू लागले. लेखाखाली फोन नंबर छापू नका, एवढी अट घातली. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की त्यांच्या तोंडाला कोरड पडायची.

'नर कुत्रे आणि जीवनसत्त्वे' हा त्यातलाच एक लेख. शरीरात प्राणवायूपासून तयार होणारे काही उपद्रवी कण शुक्रजंतूंना इजा करतात. ई, सी आणि ए ही जीवनसत्त्वं त्या कणांना आवर घालतात. काही कुत्र्यांना ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम दोनेक महिने दिल्यावर वीर्याचा दर्जा सुधारल्याचं दिसलं आहे. हे सगळं त्यांनी परदेशी नियतकालिकांतून मन लावून उतरवलं होतं. धनेशने वाचून नाक मुरडलं. "चांगलं आहे डॉक्टर, पण ह्यात आपल्या मातीचं काहीच नाही. लोक वाचायचे नाहीत."

ते शब्द डॉक्टरांना लागले. त्यांनी त्याच बैठकीत, धनेश चहा पीत असताना, शेवटी एक ओळ घातली: 'आपल्या किनाऱ्यावर सहज मिळणारं मोरीच्या काळजाचं (यकृताचं) तेल हा तर ह्या जीवनसत्त्वांचा खजिनाच आहे.'

धनेश खूश झाला. लेख निघाला. लोकांनी नावाजला, आणि जो भेटे तो त्या शेवटच्या ओळीबद्दलच बोले. अख्ख्या लेखातलं ते एकच वाक्य डॉक्टरांचं स्वतःचं होतं. आणि चुकीचं होतं. मोरीच्या तेलात ए जीवनसत्त्व खरोखरच भरपूर असतं, इतकं भरपूर की ते जपूनच द्यायला हवं. ते मुतावाटे निघून जात नाही, शरीरात साठत राहतं. रोज साठलं की हाडांवर आणि सांध्यांवर त्याचा परिणाम होतो, मान आखडते. त्यात आणखी वाईट म्हणजे, एवढं माशाचं तेल पोटात गेलं की अंगातलं ई जीवनसत्त्व ते तेल सांभाळण्यातच खर्ची पडतं. म्हणजे शुक्रजंतूंना जे राखणार, तेच संपून जातं. हे डॉक्टरांनी कॉलेजात वाचलं होतं. लिहिताना आठवलं नाही. पत्र वाचताना मात्र पानाच्या आकड्यासकट आठवलं.

दुसऱ्या कुणा डॉक्टरला विचारलं असेल बाईंनी, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. गणपतीत घातली, दिवाळीत घातली. जानेवारीत भक्तीने ती मोडली.

भक्ती म्हणजे त्यांची पुतणसून. त्यांचे लेख तीच टाइप करून देई. धनेश आता लेखांचं पुस्तक काढणार होता आणि ती एकेक लेख तपासत होती.

"काका, हा कुत्र्यांचा लेख पहिला घेऊया का? तुमचा सगळ्यांत गाजलेला."

"तो नको."

"नको कसा? मालवणात तर एका दुकानदाराने कात्रण कापून काचेला लावलंय. माझ्या मैत्रिणीने फोटो पाठवला. हे बघा."

फोनमध्ये काच होती, काचेवर कात्रण होतं, कात्रणात डॉक्टरांचा पासपोर्ट आकाराचा चेहरा होता. त्याच्याखाली बाटल्यांची रांग.

डॉक्टरांनी फोन तिच्या हातात परत दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मालवणची एसटी पकडली. कात्रण तेवढं काढून घेऊन यायचं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. कोळंबचं नाव मनातसुद्धा घेतलं नव्हतं.

दुकान बाजारात होतं. जाळी, दोर, गळ, रंगाचे डबे. मालक सत्यवान गल्ल्यावर बसला होता. त्याने समोरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग काचेकडे पाहिलं, आणि उठून उभाच राहिला.

"अरे बापरे, डॉक्टरसायब! तुमी सोताः? येवा येवा, बसा. ह्या बगा, तुमचो फोटो. देवासारखो लावन ठेवलंय."

"ते कात्रण..." डॉक्टर म्हणाले.

"आदी ह्या तेलाक कोण इचारी? होडयेच्या लाकडाक लावूक न्हेयत. मगे होडये झाले फायबरचे. तेल पडान ऱ्हवला. तुमी लिवलास आणि तेलाक दिस इले! कुत्र्यांक न्हेतत, बोकडांक न्हेतत. परवा एक बाय इली," सत्यवानने आवाज खाली आणला, "म्हणता, कुत्र्याक नाय ओ, घोवाक व्हया!"

तो पोट धरून हसला. दुकानातली दोन गिऱ्हाइकंही हसली. डॉक्टर पुढे वाकले.

"नवऱ्यासाठी? तिला दिलंत?"

"दिलंय तर! गिऱ्हाईक परत धाडतंय काय?"

आता बोलायला हवं होतं. हे तेल विकू नका, एवढं एकच वाक्य. पण सत्यवानने शेजारून सोडा मागवला होता, एका गिऱ्हाइकाने वाकून नमस्कार केला होता आणि काचेवरचा फोटो सगळ्यांच्या डोक्यावरून बघत होता. डॉक्टर सोडा प्यायले. "त्या कोळंबच्या फर्नांडिस बाई," ते शेवटी म्हणाले, "त्याही इथूनच नेतात?"

"आपोलिनाबाय? ती तर कायमची. आता दुप्पट न्हेता."

दुप्पट. डॉक्टरांनी बाहेर येऊन कोळंबची रिक्षा केली.

घर माडांच्या बागेत होतं. ओसरीवर नाताळचा कागदी तारा अजून टांगलेला. खाली भिंतीलगत नारळ ओळीने मांडून ठेवले होते, प्रत्येकावर खडूने एकेक नाव. बरेचसे जुने होते. काहींना चांगले हातभर कोंब फुटले होते.

साठीच्या पुढची, ठेंगणी, झग्यावर स्वेटर घातलेली बाई दारात आली. डॉक्टरांनी नाव सांगताच तिने दोन्ही हात गालांना लावले.

"जेजू! डॉक्टर, तुमी? माज्या कुत्र्यापायी इतक्या लांब इलास? बसा, बसा. नेव्हिलाक सांगूक व्हया, तो सांगी, आई, खंयचे डॉक्टर तुज्या पत्राक बगतले!"

नेव्हिल तिचा मुलगा, मस्कतला. नवरा वॉल्टर तीन वर्षांपूर्वी गेला. हे तिने दोदोल मिठाईची बशी पुढे ठेवेपर्यंत सांगून टाकलं. डॉक्टर नारळांकडे बघत होते, तेही तिने सांगितलं.

"ते पिल्लांचे. आमच्या हयसर पिल्लू विकूचा नाय आणि फुकटय दिवचा नाय. ज्याका व्हया त्येना आदी नारळ आणून ठेवचो. ह्या वंशाचे कुत्रे माकडांवर असे धावतत, वाडीत एक शहाळा सोडीत नाय माकड दुसऱ्याच्या बागेत. पण आमच्या बागेत? पाय ठेवूक नाय. बोस्कोचो आजो, बापूस, सगळे वॉल्टरान ह्याच आंगणात वाडवले. आता ह्यो एकटो उरलो. लोक नारळ ठेवन बसलेत. काय जण इचारतत, आपोलिना, पिल्लू देतंस काय माड?"

ती स्वतःच हसली. मग हाक मारली, "बोस्को! बग रे कोण इलो."

कुत्रा मागच्या अंगणातून आला. तांबूस, भरल्या छातीचा, पण चाल मोजूनमापून, थंडीतल्या म्हाताऱ्यासारखी. बाईंनी डावीकडून पुन्हा हाक मारली. मान हलली नाही. त्याने पुढचे पाय उचलून बाजूला ठेवले, मग मागचे, आणि असा सगळाच फिरून तिच्याकडे बघितलं.

डॉक्टर खाली बसले. मानेवरून हात फिरवला. एका ठिकाणी दाबताच बोस्को कळवळला, पण चावला नाही, त्यांचा हात चाटला. त्यांनी मागे चाचपून पाहिलं. वृषण मऊ लागले, अंगाच्या मानाने लहान. हे तेलाने की आधीपासून, सांगणं अवघड होतं. कारण तेलाच्या आधी काय होतं ते कुणी बघितलंच नव्हतं. रक्त तपासलं नव्हतं, वीर्य तपासलं नव्हतं. वांझपणा करणारा एक संसर्ग कुत्र्यांत असतो, माणसालाही लागू शकतो, त्याची तपासणी सगळ्यांत पहिली. लेखात त्याचा उल्लेखही नव्हता.

"तेल किती देता आता?"

"दोन दोन चमचे, सकाळ-सांज."

"दोन? पत्रात एक लिहिलं होतं."

"तुमचा उत्तर येवक नाय," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "तेवा मी काय समाजलंय सांगू? ह्यात काय चुकीचा असता तर तुमी दुसऱ्याच दिसाक कळवला असतास. शिकलेलो माणूस गप ऱ्हवता तो सगळा बरोबर असता तेवाच. म्हणान मीच वाडवलंय. बरोबर मां?"

डॉक्टर कुत्र्याच्या शेजारी तसेच उकिडवे बसले होते. आत्ता सांगायचं. बाई समोर आहे, कुत्रा समोर आहे. त्यांनी तोंड उघडलं.

"तेल आता बंद करा," ते म्हणाले. "आजपासूनच. लिव्हर, कलेजी, तेही घालू नका. जेवढं... जेवढं द्यायचं तेवढं देऊन झालं."

"म्हणजे पुरा झाला?"

"हो. पुरं झालं."

बाईंचा चेहरा उजळला. त्या आत गेल्या, एक सोललेला नारळ घेऊन आल्या, खडूने त्यावर 'डाक्टर' असं लिहिलं आणि ओळीत सगळ्यांत पुढे ठेवला. "पयला पिल्लू तुमका. लोक बोंबलले तरी चलात."

परतीच्या एसटीत डॉक्टरांना खिडकीची जागा मिळाली. डोळे मिटले की तो नारळ दिसे, उघडले की काचेत आपलाच चेहरा. कुत्र्याचा फायदा होईल एवढं आपण सांगितलं, असं मनाशी म्हणून बघितलं. पण बाईंनी आपल्या नावाचा नारळ ठेवला तेव्हा आपण तो ठेवू दिला, हे काही केल्या पुसलं जाईना. तेल बंद करायला लावलं ते औषध पुरं झालं म्हणून; उद्या बोस्कोची मान सुटली तर त्या वाडीभर सांगतील, तेलाने गुण आला. आणि आणखी चार जणी बाटली घेऊन जातील.

घरी भक्तीने पाण्याचा पेला आणून दिला आणि चेहरा बघून तिथेच बसली. डॉक्टरांनी कोश काढला, पत्र काढलं, तिच्या हातात दिलं. मग तुटक तुटक सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. त्यांना वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे काका, चूक कुणाकडून होत नाही?

"आषाढातलं पत्र?" ती म्हणाली. "आणि तुम्हाला वाचतानाच कळलं होतं?"

"हो."

"मग चूक लेखात झाली ती एक. पण हे दुसरं काय?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. दुसरं काय ते त्यांना नेमकं माहीत होतं. भित्रेपणा. सगळी हयात लोक त्याला साधेपणा म्हणत आले होते आणि त्यांनी म्हणू दिलं होतं.

"सत्यवानला फोन लावून दे," ते म्हणाले.

भक्तीने आश्चर्याने पाहिलं, नंबर शोधला, लावून दिला. डॉक्टरांनी फोन कानाला लावला. "सत्यवान, मी डॉक्टर परब. ते तेल विकू नका. मी चुकीचं लिहिलं होतं. ज्यांनी नेलंय त्यांना थांबवायला सांगा. त्या बाईलासुद्धा, नवऱ्यासाठी नेलं तिलासुद्धा. आधी तिला."

पलीकडे सत्यवानने गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं.

"डॉक्टरनू, मस्करी करतास काय? फोटो लावन ठेवलंय मी तुमचो!"

"तो काढा."

"आणि बाटल्यांचा काय करू?"

"होडीला लावा."

"होडये फायबरचे झाले म्हणान सांगलंय मां तुमका!" सत्यवान चिडला होता. मग म्हणाला, "त्या बायेच्या घोवाचा काय जाला तर माज्या दारात येतली ती. बरा. सांगतंय." आणि फोन ठेवला.

धनेशलाही फोन झाला. त्याचं म्हणणं, चूक छापायची तर बारीक अक्षरात छापू, उगाच पुस्तकाच्या तोंडावर कशाला. डॉक्टर म्हणाले, लेख ज्या जागी आला होता त्याच जागी, तेवढ्याच अक्षरात. आणि पुस्तकाचं मग बघू. त्यांचा आवाज बारीकच होता, पण ते मागे हटले नाहीत.

राहिलं पत्र. सकाळी ते लिहायला बसले. दुपारी भक्तीने वाचलं. तीन पानं झाली होती: मेदात विरघळणारी जीवनसत्त्वं, मोकळे कण, दोन परदेशी विद्यापीठं.

"काका, हा तर पुन्हा लेखच झाला," ती म्हणाली. "आपोलिनाबाईंना ह्यातलं काय कळायचं? कुत्र्याची मान कुणामुळे आखडली ते?"

डॉक्टरांनी पानं फाडली नाहीत. उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला पुन्हा सुरुवात केली. ह्या वेळी एकाच पानात मावलं.

'श्रीमती आपोलिनाबाई यांस,
तुमच्या पत्राचं उत्तर आषाढात द्यायला हवं होतं. पत्र वाचलं त्याच दिवशी मला कळलं होतं की तेल बोस्कोला बाधतंय. लाज वाटली म्हणून मी गप्प बसलो. माझं गप्प बसणं तुम्ही होकार समजलात आणि तेल वाढवलंत. त्यात तुमची काही चूक नाही.
काल तुमच्या घरी येऊनही मी खरं बोललो नाही. तेल पुरं झालं म्हणून बंद करा, असं सांगितलं ते खोटं होतं. ते द्यायलाच नको होतं. मोरीच्या तेलाचं वाक्य मी माहिती न तपासता, लेख लोकांना आवडावा म्हणून लिहिलं.
बोस्कोची मान पूर्ण सुटेल की नाही, मला सांगता येत नाही. दुखणं कमी होईल अशी आशा आहे. पिल्लांचंही आजच काही सांगता येत नाही. कुत्र्याचं नवं बीज तयार व्हायला दोन महिने लागतात, म्हणून तेवढं थांबून वीर्य तपासायचं. मानेचा एक्स-रे आणि रक्ततपासणी मात्र लगेच करायची. संसर्गाची तपासणी होईपर्यंत त्याला मादी दाखवू नका आणि त्याला हाताळल्यावर हात साबणाने धुवा. जीवनसत्त्वं द्यायची की नाही हे त्यानंतर, आणि ते मी नाही, कुत्र्यांचं कळणारा डॉक्टर ठरवील. मी गाडी करून येतो आणि बोस्कोला स्वतः घेऊन जातो. तुम्ही नको म्हणालात तर गाडी आणि डॉक्टर पाठवतो, मी येत नाही.
नारळावरचं माझं नाव पुसून टाकावं.
गंगाराम परब'

सहीखाली त्यांनी फोन नंबर लिहिला. तो पुन्हा तपासून बघितला, कारण स्वतःचा नंबर ते क्वचितच कुणाला देत.

"मी टाकून येते," भक्ती म्हणाली. "बाजारात जातेच आहे."

"नको."

पोस्ट दहा मिनिटांवर होतं. ऊन तापलं होतं. हायवेच्या पुलाखाली थांबून त्यांनी घाम पुसला, तेव्हा एक विचार आला: फोनवर सांगितलं तर? पत्र बाईंकडे राहील, त्या नेव्हिलला वाचून दाखवतील, वाडीत फिरेल. हा विचार कुठून येतो ते आता त्यांना चांगलं ओळखता येत होतं. ते चालू लागले.

खिडकीवरच्या मुलीने पाकीट तोललं. "कोळंब, मालवण. साधं पाठवायचं की स्पीड पोस्ट, आजोबा?"

"लवकर कुठलं पोचेल?"

"स्पीड पोस्ट. उद्या-परवा मिळेल."

"ते करा."

तिने शिक्का मारला, पाकीट मागच्या पोत्यात टाकलं आणि पावती खिडकीतून पुढे सरकवली.